आई गच्चीगच्चीने आली

त्या सकाळी धुक्याने अख्खा तलाव गिळला आणि वर ढेकरही दिला नाही.

धक्का होता तिथेच होता, लाँचही धक्क्याला बांधलेली होती. पण लाँचचं नाक कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं, हे काही केल्या कळत नव्हतं. "मला माझेच पाय दिसत नाहीयेत, पलीकडचा काठ कुठून दिसणार?" असं म्हणून लाँचवाला चहा प्यायला निघून गेला. जाताना दोन पावलांत तोही धुक्यात विरघळला, साखरेसारखा.

आणि आई होती पलीकडच्या काठावर!

तिथे माशांची पिल्लं वाढवायचं केंद्र आहे. अंडी फुटायच्या दिवसांत आईला तिथेच मुक्काम करावा लागतो, कारण हौदातलं पाणी जरा गार झालं की पिल्लं रुसतात, जरा गरम झालं तरी रुसतात. आज सकाळच्या लाँचने ती यायचीच होती. आज पिटुकलीच्या घशातल्या गाठी काढायच्या होत्या.

पिटुकली म्हणजे घरातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्याने घोरणारी व्यक्ती. पण ते घोरणं हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नव्हतं. झोपेत तिचा श्वास मध्येच अडायचा, आणि तो परत सुरू होईपर्यंत बाबा अंथरुणात ताठ बसून राहायचे. घशाच्या डॉक्टरीणबाई लांबच्या शहरातून कधीतरीच या गावात येत. काल आल्या होत्या, आज दुपारच्या गाडीने परत जाणार होत्या.

"आई सांगेल तेव्हाच मी आत जाणार," पिटुकलीने जाहीर केलं. दवाखान्याच्या बाकावर ती मांडी ठोकून बसली होती आणि बाकाचा दांडा तिने असा घट्ट धरला होता, की बाकासकट उचललं असतं तरच ती आत गेली असती.

"उचलून नेऊ या का?" बाबांनी हळूच विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "रडत रडत नको. रडलं की नाक-घसा भरतो आणि भूल देताना त्रास होतो. शांत होऊ दे. गाडीआधी शस्त्रक्रिया उरकेल इतपत वाट बघते, त्यापुढे मात्र माझ्या हातात नाही."

मग सगळ्यांनी भिंगरीकडे पाहिलं.

भिंगरी म्हणजे पिटुकलीची मोठी बहीण. शाळेत जाते, पण रमते आत्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात. पलीकडच्या काठाला फोनची रेंज येत नाही, टेकडी आडवी येते. म्हणून या दोघींनी मिळून निरोपे बनवले. निरोप्या म्हणजे जेवणाचा जुना डबा, त्यात छोटं रेडिओयंत्र, डब्याला तारेची शेपटी आणि झाकणावर हिरवा दिवा. असा एकेक निरोप्या गावातल्या गच्च्यांवर, छपरांवर आणि एका धुराड्यावरसुद्धा बसला होता. मध्ये कुठे मनोरा नाही, साहेब नाही, मुख्य कचेरी नाही. एकाने ऐकायचं, पुढच्याला सांगायचं, त्याने त्याच्या पुढच्याला. बोललेला आवाज चिरून त्याचे बारीक तुकडे व्हायचे, तुकडे या डब्यातून त्या डब्यात जायचे आणि शेवटच्या डब्यात परत जोडले जायचे. निरोप गेला की दिवा लुकलुकायचा.

आता एवढे डबे म्हटल्यावर निरोपाने जायचं कुठून? ते ठरवायचा नियम भिंगरीने स्वतः लिहिला होता, बरं का! नियम एका ओळीचा: ज्या वाटेवर कमीत कमी उड्या, ती वाट खरी. दवाखान्यावरून जुन्या दीपस्तंभावर, दीपस्तंभावरून बेटावरच्या खांबावर, तिथून केंद्रावर. तीनच उड्या, सगळ्या पाण्यावरून! संगणकाच्या पडद्यावर त्या तीन रेघा तळ्यावर टाकलेल्या माळेसारख्या दिसायच्या. काठाने वळसा घालून जाणारी गच्च्यांची वाट तिच्यापुढे म्हणजे अगदी गोगलगाय. भिंगरीने शाळेत आठवडाभर याच्याच फुशारक्या मारल्या होत्या.

"मागव की मग आईचा आवाज," बाबा म्हणाले.

"हा घ्या!" म्हणत भिंगरीने खिडकीतल्या, निरोप ऐकायच्या-बोलायच्या पेटीचं बटण दाबलं.

आईने बोलून ठेवलं होतंच. लाँच सुटणार नाही हे कळल्याबरोबर तिने केंद्रातल्या निरोप्यापाशी बसून पिटुकलीला सगळं सांगितलं होतं आणि निरोप्या ते पुन्हा पुन्हा पाठवत होता. पेटी खरखरली.

"पि… … डोळे आधी… … … नंतर… मी… … … टोपी… …"

आणि मग नुसतं धुकं वाजल्यासारखा आवाज.

"आई टोपी का म्हणाली?" पिटुकलीचा खालचा ओठ थरथरायला लागला. "आई फाटली का?"

"फाटली नाही गं, थांब," भिंगरी म्हणाली. तिने बटण परत दाबलं. आता 'टोपी'ही गेली, नुसतं 'मी' उरलं. तिने दुकानात आत्याला पेटीवरून विचारलं. आत्याचा आवाज मात्र खणखणीत आला, ती दोन पावलांवरच होती ना!

"इथे तर सगळं हिरवं दिसतंय," आत्या म्हणाली. "दीपस्तंभ ओ देतोय, बेट ओ देतंय, केंद्रही ओ देतंय. तिन्ही जिवंत आहेत बाई."

"मग आवाज कुठे सांडतोय?"

"ते तू सांग. नियम कुणाचा?"

आत्या अशी आहे. प्रेमाने चिमटा काढते, आणि तो चांगलाच लागतो.

इकडे बाबा पिटुकलीची समजूत घालत होते. "आत गेलं की छान झोप येईल."

"हं," पिटुकली म्हणाली.

"उठलीस की घसा जरासा दुखेल."

"हं."

"मग गार गार दूध मिळेल."

"हं."

"आणि आपल्या घरात आता एक हत्ती राहायला येणार आहे."

"हं," पिटुकली खिडकीबाहेरच्या धुक्याकडे बघत म्हणाली.

बाबांनी सुस्कारा सोडला. "हिचं हं म्हणजे ऐकल्याची खूण नाही गं भिंगरे. हं म्हणतेय, पण आत एक अक्षर शिरत नाहीये."

भिंगरी उठून उभीच राहिली.

हं म्हणतेय, पण आत शिरत नाहीये! अरे देवा. हेच तर चाललं होतं तळ्यावर! निरोपे एकमेकांना सारखी हाक मारतात, 'आहेस का?' समोरचा म्हणतो, 'ओ.' ती हाक भिंगरीनेच एवढीशी ठेवली होती, चिमणीच्या चोचीत मावेल एवढी, म्हणजे वीज वाचेल. एवढीशी हाक कशीही निसटून पार होते. दहांतली एखादी पोचली, तरी पडदा खुशाल हिरवी रेघ काढतो. पण आईच्या आवाजाचे तुकडे असतात मोठे. ते बिचारे वाटेतच बुडत होते.

"बाबा, तिला धरून ठेवा!"

"ती मला धरून बसलीय," बाबा म्हणाले. पण भिंगरी केव्हाच रस्त्यावर पोचली होती.

रस्ता म्हणजे काय, दुधात बुडवलेली गल्ली. घरं नव्हती, घरांच्या नुसत्या खिडक्या हवेत टांगलेल्या होत्या. कुठूनतरी पावाचा वास चालत आला, तिच्या बरोबरीने चार पावलं आला आणि वळला. भिंगरीला वाटलं, या धुक्यात प्रत्येक गोष्ट निरोपच झालीय, कुणीतरी कुणाकडे तरी पाठवलेली.

दुकानात आत्या डोक्यावर चष्मा चढवून चष्माच शोधत होती.

"आत्या, हाक लांब कर! आईच्या तुकड्याएवढी लांब. आणि ओ आला का ते बघायचं नाही. किती हाकांना किती ओ आले, ते बघायचं."

आत्याने एक भुवई उचलली आणि खुर्ची सोडली. खुर्ची सोडणं ही आत्याची शाबासकी.

भिंगरीची बोटं संगणकावर धावू लागली. लांब हाका सुटल्या. आणि पडद्यावरची ती सुंदर माळ, तिची लाडकी माळ, एकेका रेघेने विटत गेली. बेटाला दहादा हाक मारावी तेव्हा एकदा ओ यायचा. केंद्रावरून तर त्याहून कमी.

"धुक्यामुळे?" भिंगरीने विचारलं.

"धुक्याला कशाला बोल लावतेस, धुकं रेडिओला अडवत नाही," आत्या म्हणाली. "बघ, एक हाक सरळ जाते आणि तीच हाक पाण्यावर आपटून उसळी मारूनही जाते. एरवी तळं हलत असतं, चालून जातं. आज वारा पडलाय, पाणी आरशासारखं. सरळ गेलेली आणि उसळून गेलेली अशा दोघी नेमक्या उलट्या पावलांनी पोचतात आणि एकमेकींना खोडून टाकतात. हिने रांगोळी काढायची, तिने पुसायची."

"आणि मी उड्या मोजत बसले!" भिंगरीने कपाळावर हात मारला. "उड्या नाही मोजायच्या, हाका मोजायच्या. तीन उड्यांना तीस हाका लागणार असतील तर ती कसली जवळची वाट? गच्च्यांवरून दहा उड्या असू देत, पण प्रत्येक जण एका हाकेत ओ देत असेल, तर दहाच हाका!"

"मग लिही ना, भाषण कुणाला देतेस?"

नवा नियम पण एका ओळीचाच झाला: ज्या वाटेवर मिळून कमीत कमी हाका, ती वाट खरी. छोटासा नियम, चिमणीच्या चोचीतला. डब्याडब्यांतून तो चटकन सगळीकडे पोचला, धडपडत का होईना पण पलीकडेही गेला. आणि मग पडद्यावर काठाकाठाने एक नवी रेघ उगवायला लागली. केंद्रापासून पंपघर. पंपघरापासून मधवाल्या आजोबांचं छप्पर. तिथून होड्यांची शेड. शेडवरून शिंपीणकाकूंची गच्ची. गोगलगाय निघाली होती!

आणि शिंपीणकाकूंच्या गच्चीवर येऊन रेघ थांबली.

"पुढे बेकरीचं धुराडं आहे ना?" भिंगरी पडद्यावर नाक टेकवून म्हणाली.

"मध्ये धान्याचं गोदाम आहे, भिंतच आहे ती. गल्ली वळते त्या कोपऱ्यावरूनच दोन्हीकडचं दिसतं. आणि कोपऱ्यावर…" आत्या थांबली. "कोपऱ्यावर घड्याळजी."

घड्याळजींचा निरोप्या काळा होता. हिरवा नाही, विटलेला नाही, साफ काळा.

भिंगरी परत धावली. लोक उगाच नाही तिला भिंगरी म्हणत.

घड्याळजींच्या दुकानात धुकंसुद्धा चपला काढून आल्यासारखं दारातच घुटमळत होतं. आत घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात डोकावत होते.

"घड्याळजी, तुमचा निरोप्या बंद आहे!"

"आहे."

"का पण?"

"मी बंद केला म्हणून." त्यांनी भिंग काढलंच नाही. "आवाज हळू. ही स्प्रिंग एवढीशी आहे, तुझ्या ओरडण्याने उडून जाईल."

भिंगरीने आवाज एकदम खाली आणला. "अहो पण का बंद केलात?"

आता मात्र त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. "तूच सांगून गेली होतीस ना, निरोप गेला की दिवा लुकलुकतो म्हणून? बेकरीवालीचा लुकलुकतो. शाळेचा लुकलुकतो. माझा? मी रोज संध्याकाळी खुर्ची टाकून बसायचो वर. मेला डोळा वटारून बघत बसायचा माझ्याकडे. एकदाही लुकलुकला नाही. म्हटलं, मोडका डबा म्हाताऱ्याच्या गळ्यात मारला पोरीने. काढला, पुसला, फडक्यात गुंडाळला आणि ठेवला कपाटात. मी कुणाचं यंत्र खराब होऊ देत नाही."

भिंगरीच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची आली, आणि संध्याकाळच्या उजेडात दिव्याकडे बघत बसलेले घड्याळजी. तिच्या सुंदर माळेसाठी!

"मोडका नव्हता हो," ती म्हणाली. "माझा नियम चुकला. तुमची गच्ची लांबच्या वाटेवर होती, म्हणून मी एकही निरोप तुमच्याकडून पाठवला नाही."

"लांब?" घड्याळजी ताडकन उठले. "माझं घर लांब? अगं तुझ्या बाबाचा जन्म नव्हता झाला तेव्हापासून मी या कोपऱ्यावर आहे! लांब ते इतर सगळे!"

"खरंय," भिंगरी म्हणाली, आणि तिला खरोखरच ते पटलं. "आज फक्त तुमच्याच गच्चीवरून आई येऊ शकते. पिटुकली तिच्यासाठी दवाखान्यात अडून बसलीय आणि डॉक्टरीणबाई दुपारी निघून जाणार."

घड्याळजींनी पुढे काही विचारलं नाही. कपाट उघडलं, फडकं सोडलं. डबा असा लखलखत होता की त्यात भिंगरीचं तोंड दिसलं. जिना ते तिच्याही आधी चढले. वर गच्ची नव्हतीच म्हणा ना, नुसता ढग होता आणि ढगात एक खुर्ची. त्यांनी चाचपडत खांब शोधला, डबा बसवला, हळुवार हाताने प्लग लावला.

दिवा लागला. हिरवा, वटारलेला.

दोघं बघत राहिली. कुठे खट्ट नाही. धुक्यातून शिंपीणकाकूंच्या शिलाई यंत्राची खडखड तेवढी येत होती, जणू त्या धुक्यालाच टाके घालत होत्या.

आणि दिवा लुकलुकला!

एकदा. मग परत. मग असा भरभर, जशी थव्यातली पाखरं एकामागोमाग एक तारेवरून उडतात.

"ही कोण गेली?" घड्याळजी कुजबुजले.

"आई," भिंगरी म्हणाली. "तुकड्यातुकड्याने."

तिला ते अगदी दिसलंच. आई पंपघरावरून पाय उचलून निघाली, मधवाल्या आजोबांच्या छपरावर मधमाश्या जाग्या होऊ नयेत म्हणून चवड्यांवर चालली, होड्यांच्या शेडवरून घसरली, शिंपीणकाकूंच्या दोरीवरचे कपडे बाजूला सारून आली, आणि आत्ता, या क्षणी, या खुर्चीशेजारून, पदर सावरत, कुणालाही धक्का न लावता पलीकडे गेली. भिंगरीच्या गालाला काहीतरी ओलं लागलं. धुकं असेल.

"पळ की मग," घड्याळजी म्हणाले. "मी बसतो इथे."

आणि ते खुर्चीत बसले.

भिंगरी दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरीणबाई दुसऱ्यांदा घड्याळ बघत होत्या. पेटीत तुकडे गोळा होत होते, शेवटचा तुकडा टकदिशी आपल्या जागी बसला. भिंगरीने बटण दाबलं.

"पिटुकले," आई म्हणाली. मधे कुठे खड्डा नाही, धुकं नाही. जणू बाकावर शेजारी येऊन बसली. "आज सकाळी पहिली पिल्लं फुटली गं. डोळे आधी दिसतात, मासा नंतर दिसतो. अंड्याच्या सालीची टोपी काहींच्या डोक्यावर तशीच असते, ती टोपी घालूनच पोहतात येडपट! मी हौदाच्या कडेला बसलेय. लाँच निघाली की पहिली चढणार मीच. तू डोळे मिटशील तेव्हा मी इथे बसलेली असेन, उघडशील तेव्हा घसा खवखवेल, बोलू नकोस, नुसतं माझ्याकडे बघ. आता मी सांगतेय. जा आत."

पिटुकलीने बाकाचा दांडा सोडला.

"म्हणजे टोपी माशाची होती," ती गंभीरपणे म्हणाली. मग भिंगरीकडे वळली. "ताई, लाँच नाही तर आई कुठून आली?"

"गच्चीगच्चीने." आणि भिंगरीने तिला सगळी वाट सांगितली, एकेक घर. पिटुकली या वेळी हं म्हणाली नाही. प्रत्येक घर तिने स्वतःच्या तोंडाने परत म्हटलं, मधवाले आजोबा दोनदा, कारण ते तिचे लाडके. मग बाबांचं बोट धरून ती स्वतःच्या पायांनी आत गेली.

दार अर्धं उघडं होतं. भिंगरी बाहेर भिंतीला टेकून उभी राहिली. आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "आता आकडे म्हणायचे हं बाळा. एक, दोन, तीन…"

"आकडे नको," पिटुकली म्हणाली. "मी घरं म्हणते."

"घरं तर घरं. म्हण."

"पंपघर." थोडं थांबून, "मधवाले आजोबा." आवाज जड व्हायला लागला, पाय भरून आल्यासारखा. "होड्यांची शेड… शिंपीणकाकू…" मग बराच वेळ काही नाही. भिंगरी दाराकडे सरकली. आणि मग अगदी लांबून, ढगातून यावा तसा, "घ…ड्या…ळ…"

मग शांतता. बाबा उलट्या पावलांनी बाहेर आले आणि त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

भिंगरी खिडकीतल्या पेटीपाशी गेली. पलीकडे हौदाच्या कडेला आई कान लावून बसलेली असणार. काय सांगावं? सांगायला केवढं तरी होतं, नियम, माळ, गोदामाची भिंत, ढगातली खुर्ची. तिने बटण दाबलं आणि अगदी हळू म्हणाली, "आई, ती घड्याळजींपर्यंत पोचली आणि झोपली."

आणि तो निरोप निघाला. आत्याच्या दुकानावरून, शाळेवरून, पावाच्या वासातून, कोपऱ्यावरच्या त्या गच्चीवरून, जिथे कुणीतरी खुर्ची टाकून बसलं होतं आणि एक हिरवा दिवा त्यांच्याकडे बघून लुकलुकला.